नाटकात काम करायचं तर नोकरी सोडावी लागते का? नाशिकच्या हौशी नाटकांत नेमके कोण लोक असतात?

सोडू नका. झालं उत्तर. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, 'नोकरी सांभाळून केलेलं नाटक म्हणजे टाइमपास, असं आमचे सर म्हणतात.' हे वाक्य मी वीस वर्षांपूर्वी सातपूरच्या एका वर्गात, बाकं भिंतीला सरकवलेली असताना, उभ्या उभ्या ऐकलंय. त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी टर्नर, म्हणजे कारखान्यात लेथ मशीनवर. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवत होतो. आमच्यात एक बँकेतला कॅशियर, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, प्रेसमधून रिटायर झालेले काका (नोटा-स्टँप छापणारी सरकारी प्रेस, नाशिकरोडवाल्यांना सांगावं लागत नाही), पक्षकार कमी आणि वेळ जास्त असलेले एक वकील, आणि पिंपळगावकडचा एक द्राक्षबागायतदार. त्याचं आणि स्पर्धेचं वैरच होतं. ऑक्टोबरात छाटणी, आणि ती उरकते तोवर स्पर्धा डोक्यावर. त्यात ढग आले की डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या, धास्तीने हा रात्री-बेरात्री फवारणीला. तालमीला यायचा तेव्हा नखांत मोरचुदाचा निळा रंग असायचा. दिग्दर्शक, म्हणजे आमचे सर, मात्र बाहेरून आणलेले, नाट्यशास्त्राची पदवी घेतलेले.

कॅशियर सावकार झाला होता, बागायतदार कर्जदार. कर्जदार पैसे आणून देतो, सावकार मोजतो, एवढाच प्रसंग. सर तीन दिवस सांगत होते, 'मोजताना आतला क्रूरपणा दिसू दे.' बिचारा डोळे बारीक करायचा, ओठ चावायचा. भुकेलेला दिसायचा, क्रूर नाही. चौथ्या दिवशी सर फोन घ्यायला बाहेर गेले. कॅशियरने बंडल डाव्या हातात दुमडून धरलं, बोट ओलं केलं आणि काउंटरवर मोजतो तसं सरसर मोजायला लागला. मध्येच एक नोट काढून, समोर न बघताच, सरकवली. 'ही चालणार नाही. फाटकी आहे.' आणि पुन्हा मोजायला लागला. वाक्य संहितेत नव्हतं. बागायतदाराचा चेहरा असा पडला की आम्ही गप्पच झालो. पीककर्जाच्या रांगेत तो खरंच उभा राहिलेला माणूस.

सर आत आले, आम्ही करून दाखवलं. 'संहितेत नाही. काढा.' काढलं.

त्याच आठवड्यात मला सेकंड शिफ्ट लागली. मी म्हटलं, पहाटे सहाला तालीम करू. तर ते 'टाइमपास'वालं वाक्य, आणि माझी भूमिका त्यांच्या विद्यार्थ्याला. पोरगा बरा होता, खोटं कशाला बोलू. मी पडदा ओढायला. म्हणून साईखेडकर नाट्यगृहात त्या दिवशी विंगेतून सगळं दिसलं. कॅशियरने ऐन प्रयोगात ती नोट काढून सरकवलीच. तोवर कुणी ना कुणी खोकत होतं, ते थांबलं. बक्षीस काही मिळालं नाही.

आता तुमच्या सरांना विचारा, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' सिनेमासाठी तारामती कुठून आणली? ग्रँट रोडच्या हॉटेलातून. अण्णा साळुंके तिथे महिना १० रुपयांवर स्वयंपाकी होते, फाळक्यांनी १५ देऊ केले. निळूभाऊ फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. तुमचे सर डॉ. श्रीराम लागूंचं नाव घेतील, की त्यांनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडली. सोडली, पण चाळिशीनंतर. त्याआधीची कित्येक वर्षं ते डॉक्टरकी सांभाळूनच हौशी नाटक करत होते, आणि १९७० साली आपल्या शिरवाडकरांचा 'नटसम्राट' त्यांनी केला तो त्या सगळ्या तयारीवर. मोहन आगाशे तर मानसोपचार शिकवत राहिले आणि 'घाशीराम'मधला नानाही करत राहिले.

शिक्षण नकोच असं माझं म्हणणं नाही. मशीनच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की प्रेमाचं वाक्यही क्रेनवाल्याला हाक मारल्यासारखं यायचं, आणि ते सरांनीच खाली आणलं. सिस्टर आईच्या भूमिकेत होत्या. मुलगा गेल्यावर सवयीने त्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघायच्या. ती सवय मोडायला सरांना आठ दिवस लागले. तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

पैशाचं म्हणाल तर हौशीत मिळत नाहीत, उलट खिशातले जातात, म्हणून पगार चालू असलेला बरा. तालमी बहुतेक रात्री आठनंतर असतात. कंपनीत असाल तर कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धेचीही चौकशी करा. आणि शिफ्ट फिरती असेल तर पहिल्या वाचनालाच दिग्दर्शकाला सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं.