वाचकांचे प्रश्न : कळलावीची फुलं मखरात, कंद चार हात लांब

पावसाळ्यात पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडे कुंपणांवर कळलावी फुलली की तिच्याबद्दल पत्रं येऊ लागतात. कोणी तिला खड्यानाग म्हणतं, कोणी अग्निशिखा. वनस्पती एकच. निवडक प्रश्न घेतले आहेत.

सुनेची पहिली खेप आहे. कळा लवकर याव्यात म्हणून कंद उगाळून बेंबीला आणि तळपायांना लावावा, असं शेजारच्या आजी सांगतात. पोटात द्यायचा नाही, मग काय बिघडतं? (गारगोटी)

लावू नका. प्रथा जुनी आहे, आजी मनचं सांगत नाहीत. पण या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि ते पेशींचं विभाजन थांबवतं. तळपायाला भेगा असतील, पोटावर खाजवून ओरखडे उठले असतील, तर लेप नुसता वरवर राहत नाही. उगाळणाऱ्या बाईच्या नखांतून तो भाकरीच्या पिठातही जातो. शिवाय कळा न येण्याचं कारण बाळ आडवं असणं हेही असू शकतं. तिथं लेप लावून वाट बघण्यात गेलेला वेळच महागात पडतो. दवाखान्यात कळांसाठी लावलेलं सलाईन बाळाचे ठोके घसरले की लगेच बंद करता येतं. अंगात भिनलेला लेप कसा बंद करणार?

रानात करांदे खणताना कळलावीचा कंद मिसळतो म्हणतात. ओळखायचा कसा? आणि उकडल्यावर विष जात नाही का? (शाहूवाडी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : जात नाही. कोल्चिसिन उष्णतेनं मोडत नाही. पाण्यात मात्र ते उतरतं, म्हणजे उकडलेलं पाणीही विषारी.

वेल हिरवा असताना चूक होणं अवघड आहे. करांद्याचं पान रुंद, हृदयाच्या आकाराचं, आणि त्याचा वेलच आधाराला वेढे घालतो. कळलावीचं पान अरुंद, लांबट. त्याचं टोक तणाव्यासारखं गुंडाळलेलं असतं आणि त्या टोकानंच ती कुंपण धरते. घोटाळा होतो दिवाळीनंतर. वेल वाळून नाहीसा होतो आणि कंद तेवढा जमिनीत राहतो. तो नांगरासारखा वाकडा, बहुधा दोन फाट्यांचा, टोकांना निमुळता असतो. साल तपकिरी, आत पांढरा. करांदा गोलसर, खडबडीत, बऱ्याचदा मुळ्यांचे केस असलेला. तुटका तुकडा हाती आला तर आकारावरून काही सांगता येत नाही, तो टाकूनच द्या. वर कुठला वेल होता ते पाहिलं नसेल, तर तिथं खणूच नये हे उत्तम.

गाऊटसाठी (सांधे सुजून दुखण्याचा आजार) डॉक्टरांनी कोल्चिसिनच्या गोळ्या दिल्या आहेत. तेच औषध कळलावीत असेल तर शुद्ध केलेली पूड स्वस्त पडेल ना? (कागल)

स्वस्त पडेल, पण हिशेब बघा. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. दहा ग्रॅम कंदात साधारण 6 मिलिग्रॅम कोल्चिसिन धरतात, म्हणजे बारा गोळ्या. तेही प्रत्येक कंदात वेगळं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इतकं कमी अंतर असलेली औषधं थोडीच आहेत. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर नेहमीची गोळीसुद्धा अंगावर येते. त्यात पूड घेतली तर विचारायलाच नको.

आयुर्वेदात कळलावी (लांगली) उपविषांत मोडते. कंदाचे काप गोमूत्रात दिवसभर भिजवून वाळवतात, ते तिचं शोधन. त्यानं विष काही प्रमाणात उतरतं, पण उरलं किती हे डोळ्यांनी दिसत नाही. मूळव्याधीवर बाहेरून लावायच्या कासीसादि तेलात लांगली असते. ते वैद्यांच्या सल्ल्यानं वापरा. पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना लागते, ती नसेल तर बाटली परत करा.

चुकून खाल्लं तर? (राधानगरी)

दोन ते बारा तासांत घशात जळजळ, उलट्या, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. पटकीच वाटावी असे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा. कंदाचा किंवा वेलाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या, आणि किती वाजता खाल्लं ते सांगा. पहिल्या तासा-दोन तासांत दिलेल्या कोळशाच्या औषधाचा उपयोग होतो. नेमका उतारा नाही, म्हणून आयसीयूची सोय असलेल्या ठिकाणीच पोहोचायचं. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहेच.

सर्वांत मोठी चूक पुढं होते. जुलाब थांबले की माणूस बरा दिसतो, नातेवाईक सही करून घरी नेतात. खरा धोका दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर असतो : पांढऱ्या पेशी घटतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड आणि हृदय थकतं. रोज रक्त तपासत ठेवावंच लागतं. वाचलेल्यांचे केस पुढच्या पंधरवड्यात गळतात, पण ते परत येतात.

गौरीच्या सजावटीत ही फुलं चालतील का? (पन्हाळा)

चालतील. मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधा, नैवेद्याच्या ताटापासून दूर ठेवा, हात साबणानं धुवा. निर्माल्य मात्र गोठ्याकडं टाकू नका, जनावरांनाही हीच बाधा होते.