कारळे, करडई आणि शेजारधर्म

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून अमेरिकेत मिनिआपोलिसला राहतो. मागच्या अंगणातल्या फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे भरून ठेवण्याच्या भांड्यावर, हिवाळाभर चिकाडी, कार्डिनल, जंको आणि गोल्डफिंच हे पक्षी येतात. मुले आणि सासूबाई खिडकीशी बसून ते पाहण्यात रमतात. जानेवारीत चार आठवडे पुण्याला जायचे आहे. तेवढ्या काळात फीडर रिकामा राहिला, तर सवय लागलेले पक्षी उपाशी मरतील का? दुसरी अडचण शेजाऱ्यांची. बाजूचे निवृत्त गृहस्थ आम्ही उठायच्या आत यंत्राने आमच्याही फुटपाथवरचा बर्फ काढून टाकतात आणि मोबदला घेत नाहीत. आमच्या फीडरखाली सांडणाऱ्या दाण्यांमुळे त्यांच्या डेकखाली (घरालगतच्या लाकडी ओट्याखाली) उंदीर झाल्याचे त्यांनी परवा मोठ्या संकोचाने सांगितले. फीडर काढून टाकावा का?

उत्तर : पक्षी उपाशी मरणार नाहीत, तेव्हा निर्धास्त मनाने पुण्याला जा. तुमच्या शेजारच्याच विस्कॉन्सिन राज्यात १९८० च्या दशकात चिकाडींचा यासंबंधी अभ्यास झाला. फीडरवर येणाऱ्या चिकाडी आपल्या गरजेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक अन्न रानातूनच मिळवतात आणि फीडर काढून घेतल्यावरही, ज्यांनी तो कधी पाहिलाच नाही अशा चिकाडींइतक्याच तग धरतात, असे त्यात दिसून आले. मात्र कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत फीडर जवळ असलेल्या चिकाडींपैकी अधिक जणी जगल्या, हेही त्याच संशोधकांनी नोंदवले. म्हणजे तुमचे दाणे उपयोगी आहेत. पण पक्ष्यांचे पोट केवळ त्यांच्यावर अवलंबून नाही.

हा जेमतेम ११ ग्रॅमचा जीव तिथला हिवाळा कसा काढतो, हे मुलांना खिडकीतूनच दाखवता येईल. चिकाडी फीडरवर बसून खात नाही. एक बी उचलते, जवळच्या फांदीवर जाते, बी दोन्ही पायांत धरून चोचीने ठोकून फोडते आणि पुन्हा येते. काही बिया ती खातच नाही, सालीच्या फटीत एकेक करून दडवते आणि पुढे त्या जागा आठवून तिथे परतते. रात्री ती शरीराचे तापमान दिवसापेक्षा सुमारे १० अंशांनी उतरू देते, त्यामुळे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. म्हणूनच पहाटे आणि संध्याकाळी फीडरवर गर्दी उसळते. अगदी अंधुक उजेडात येणारा लाल पक्षी म्हणजे नर कार्डिनल. त्याच्या मागे फिकट तपकिरी मादी असते, तिच्याकडेही सासूबाईंचे लक्ष वेधा.

जाण्यापूर्वी फीडर अर्धवट भरलेला ठेवू नका, कारण ओल लागून दाण्यांना बुरशी येते. तो धुऊन, वाळवून आत ठेवून द्या. तो भरत राहण्याची विनंती शेजारच्या गृहस्थांना करू नये, असे माझे मत आहे. उंदरांचा त्रास त्यांनाच होतो आहे. बर्फाचे मात्र त्यांच्याशी किंवा दुसऱ्या कोणाशी स्पष्ट बोलूनच निघा. मिनिआपोलिसमध्ये हिमवर्षाव थांबल्यापासून २४ तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ मोकळा करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. तसे न झाल्यास पालिका माणसे पाठवून तो साफ करून घेऊ शकते आणि तो खर्च घराच्या करात येतो. शेजारी नेहमी करतातच, असे गृहीत धरून निघून जाणे बरे नव्हे. गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला पैसे देऊन हे काम सोपवले, तर शेजाऱ्यांवरचा भार हलका होईल.

उंदरांची तक्रार रास्त आहे, पण त्यासाठी फीडर काढण्याची गरज नाही, दाणे बदला. स्वस्त मिश्रणात लाल ज्वारी भरपूर असते आणि तुमच्या भागातले बहुतेक पक्षी ती चोचीने बाजूला सारून खाली टाकतात. उंदरांना मेजवानी मिळते ती या टाकलेल्या दाण्यांची. त्याऐवजी सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया घ्या. त्या महाग पडतात, परंतु टरफले उरत नाहीत. कार्डिनलसाठी करडई ठेवा. ती खारींना सहसा आवडत नाही. गोल्डफिंचसाठी बारीक भोकांच्या नळीत जे काळे लांबट बी विकतात, ते आपले कारळे, ज्याची आपण चटणी करतो तेच. भारतातूनही ते तिकडे जाते आणि त्यात मिसळलेल्या तणांच्या बिया तिथे रुजू नयेत म्हणून त्याला उष्णता दिलेली असते. तुमच्या सासूबाईंनी ते ओळखले नसेल, तर जरूर दाखवा.

फीडरखाली ताटली बसवा, एका वेळी दिवसभरात संपतील एवढेच दाणे घाला आणि खाली पडलेले दर दोन-तीन दिवसांनी झाडून घ्या. पुरते झाडले नाही तरी चालेल, जमिनीवरचे टिपणाऱ्या करड्या जंकोंनाही थोडे हवे. बियांचे पोते गराजमध्ये उघडे न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओता. दर दोन आठवड्यांनी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने फीडर धुवा. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत फीडरवर जमणाऱ्या पक्ष्यांमध्ये साल्मोनेला हा रोगजंतू पसरला आणि त्याची लागण माणसांनाही झाली होती. शक्य असल्यास फीडर कुंपणापासून हलवून खिडकीच्या एक मीटरच्या आत आणा. तिथून उडालेल्या पक्ष्याला वेग येत नाही, त्यामुळे काचेवर आपटला तरी इजा कमी होते, आणि शेजाऱ्यांच्या डेकपासून अंतर वाढते.

हे सगळे करणार असल्याचे त्या गृहस्थांना घरी जाऊन सांगा. त्यांनी मनात न ठेवता तक्रार केली, याला मी फार मोल देतो. परतल्यावर काही सकाळी त्यांच्या दारचा बर्फ तुम्ही काढा, विशेषतः रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी गेल्यानंतर ड्राइव्हवेच्या तोंडाशी साचतो तो जड ढीग. तो उपसताना हृदयावर मोठा ताण येतो, आणि त्या वयात तो टळलेला बरा. गल्लीतला अग्निशमनाचा नळ बर्फाखाली गेला असेल, तर तोही मोकळा करा. आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते, ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’. तेव्हा त्या गृहस्थांना चहाला बोलवा. किमान पंधरा मिनिटे मोजायचे असते. ही गणना १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाली, २०१३ पासून ती जगभर होते आणि भारतातले पक्षिनिरीक्षकही तिच्यात भाग घेतात, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांनाही त्याच दिवसांत मोजायला सांगता येईल.

प्रश्न : आम्ही कॅनडात एडमंटनला राहतो आणि शाकाहारी आहोत. शेजारच्या बाईंनी नाताळला पक्ष्यांसाठी चरबीच्या वड्या भेट दिल्या. त्या गाईच्या चरबीच्या आहेत. आमच्या अंगणात टांगणे मनाला पटत नाही आणि त्यांना दुखवायचेही नाही.

उत्तर : त्यांना खरे सांगा. आमच्या घरात हे चालत नाही, आपल्या झाडाला टांगाल का, आम्ही खिडकीतून पाहू, असे सरळ म्हटल्याने कोणी दुखावत नाही. न सांगता वड्या फेकून दिल्या आणि त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा आणल्या, तर अवघडलेपणा वाढेल. डाउनी सुतार पक्षी आणि खोडावरून डोके खाली करून उतरणारा नटहॅच त्यांच्या झाडावर येतील, तसेच तुमच्याकडे बिनमिठाचे सोललेले शेंगदाणे ठेवले तरी येतील. शेंगदाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते, त्यामुळे थंडीत तो उत्तम आहार आहे. जाळीच्या नळीत भरा, पण खारे किंवा तिखट लावलेले दाणे आणि पोळीचे तुकडे घालू नका. पाण्याचे भांडे ठेवणार असाल, तर विजेवर किंचित गरम राहणारे घ्या. बर्फ खाऊन तहान भागवण्यात पक्ष्यांची बरीच ऊर्जा खर्ची पडते.