ओपनऑफिस आणि लिबरऑफिस एकच काय?

प्रश्न: खानापुरात माझं डीटीपीचं दुकान हाय, जुन्या पीसीवर ओपनऑफिस (पत्रं, तक्ते करायचं सॉफ्टवेअर) होतं, नव्यावर पोरानं लिबरऑफिस घालून दिलंय. एकच काय ओ दोन्ही? नाव का बदललं?

उत्तर: मूळ एकच की ओ. ओपनऑफिस सन कंपनीचं होतं, २०१० मध्ये ओरॅकल या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीनं सन घेतली, ओपनऑफिसचं नावही तिकडं गेलं, काम करणाऱ्यांना भरवसा वाटेना म्हणून सप्टेंबरात बरेचजण वेगळे झाले, कोड (प्रोग्रामचा मजकूर) सगळ्यांना खुला होता तो नेता आला पण नाव ट्रेडमार्कचं, ते मागूनही मिळालं नाही. म्हणून लिबर, म्हणजे मोकळं, मला तर हे नाव लई आवडतं. फायरफॉक्स ब्राउझरचंसुद्धा नाव आधी फिनिक्स, मग फायरबर्ड, २००४ ला फायरफॉक्स, तिथंपण नावावरूनच अडचण. ओपनऑफिसात केलेल्या जुन्या ओडीटी (.odt) फायली लिबरमध्ये उघडतात, नव्यावरच राहा.