वाचकांचे प्रश्न : ‘ते आपलं हे’ आणि शब्द ओळखण्याचे खेळ

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. घरी त्याचे बोलणे ‘ते’, ‘तसं’, ‘ते आपलं हे’ यांच्यापुढे सरकत नाही आणि शाळेत काय झाले असे विचारले, तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. सोसायटीतील एका वाढदिवसाला मूकाभिनयावरून चित्रपटाचे नाव ओळखण्याचा खेळ होता. त्याची पाळी आली तेव्हा तो खांबासारखा उभा राहिला आणि घरी येऊन रडला. अशा खेळांनी संवादकौशल्य वाढते असे म्हणतात. ते घरी कसे घ्यावेत?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वाढदिवसाच्या दिवशी आपल्या मुलाला एकदम शेवटच्या पायरीवर उभे केले गेले. अनोळखी प्रेक्षक, न पाहिलेला चित्रपट आणि तोंड बंद, अशा तिहेरी अडचणीत मोठी माणसेही गडबडतात. घरी सुरुवात उलट बाजूने करावी : पहिले काही दिवस अभिनय आपण करावा आणि ओळखण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. आपला अभिनय थोडा वाईट झाला तर अधिक चांगले, कारण चुकल्याने काही बिघडत नाही हे त्याला डोळ्यांनी दिसते.

त्याच्या ‘ते आपलं हे’ या बोलण्यामागचे कारण शब्दांचा तुटवडा हेच असेल असे नाही. आपल्या मनात जे आहे ते समोरच्यालाही दिसतेच आहे, असे लहान मुले धरून चालतात. १९६० च्या दशकात ग्लक्सबर्ग आणि क्राउस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दोन मुलांच्या मध्ये पडदा ठेवून, अनोळखी आकृत्या असलेल्या ठोकळ्यांपैकी कोणता उचलायचा हे एकाला दुसऱ्याला शब्दांत सांगायला लावले, तेव्हा लहान वयाची मुले त्या आकृत्यांना स्वतःपुरतीच कळणारी नावे देत राहिली. शब्द ओळखण्याचा खेळ नेमका येथे उपयोगी पडतो, कारण आपले वर्णन ऐकणाऱ्याला पुरले की नाही हे त्यात क्षणात कळते.

म्हणून मूकाभिनयाआधी वर्णनाचा खेळ घ्यावा. चिठ्ठीवर ‘चकली’ लिहावे आणि त्याखाली दिवाळी, काटे, सोऱ्या हे वर्ज्य शब्द लिहावेत. ‘लकडी पूल’ द्यावा आणि ‘लाकूड’, ‘नदी’ हे शब्द टाळायला सांगावे. आज त्या पुलात लाकूड उरलेले नसल्याने तो निम्मा सुटलाच! तो अडखळला तरी शब्द त्याच्या तोंडात घालू नये. ‘मला खायची वस्तू आहे एवढे कळले, गोड की तिखट ते कळले नाही,’ असे आपल्याला काय पोहोचले ते सांगावे. वर्णनात इंग्रजी शब्द आला तर टोकू नये. मराठी शब्द डाव संपल्यावर सांगता येतो.

घरात आजी-आजोबा असतील तर जोडी त्यांच्याशीच लावावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. आई-वडिलांना मुलाचे अर्धे वाक्य पुरते, आजीला ते पुरत नाही. त्याच्या लाडक्या कार्टूनमधील पात्र आजीला ठाऊक नसते आणि आजीचे ‘फडताळ’ किंवा ‘पाटा-वरवंटा’ त्याने पाहिलेला नसतो, त्यामुळे दोघांनाही अगदी मुळापासून सांगावे लागते. आजीकडून अक्षरांची कोडीही घालून घ्यावीत : तीन अक्षरी शब्द, पहिले-तिसरे पोटात येते, दुसरे-तिसरे साबणाने जाते आणि सगळा मिळून तळ्यात फुलतो. (उत्तर अर्थात कमळ.) इंग्रजीत ज्याला ‘शराड’ म्हणतात तो खेळही मुळात असाच, शब्दाचे तुकडे पाडून घातलेल्या कोड्यांचा होता, अभिनय त्यात पुढे आला.

तो रुळल्यावर अभिनयाकडे वळावे, पण चित्रपटांऐवजी ‘पोळी लाटणे’, ‘पीएमपी बसच्या गर्दीत चढणे’ अशा पाहिलेल्या क्रिया द्याव्यात, आणि नंतर ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यांसारख्या म्हणी. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. गुण आणि घड्याळ मात्र सुरुवातीला नकोच.

एक गोष्ट वेगळी तपासावी. तो बोलताना अडखळत असेल, त्याचे उच्चार बाहेरच्यांना समजत नसतील किंवा हाक मारल्यावर तो वारंवार ‘काय?’ असे विचारत असेल, तर श्रवणतपासणी करून घ्यावी आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. त्या बाबतीत खेळांवर विसंबून वेळ दवडू नये.