गांजा कायदेशीर झाला तर वस्तीवर काय परिणाम होईल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अमेरिकेत गांजा कायदेशीर झाल्यावर गुन्हेगारी घटली, असे म्हणतात. आपल्याकडेही तसे होईल का? (एक निवृत्त वाचक, धरमपेठ)

गांजा बाळगल्याबद्दलच्या अटका तिथे घटल्या, हे खरे आहे. परंतु जे कृत्य गुन्हाच उरले नाही त्याच्या अटका घटणारच, आणि त्यावरून चोऱ्या-मारामाऱ्याही कमी झाल्या असा निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१२ साली यावर मतदान झाले आणि १ जानेवारी २०१४ पासून दुकाने उघडली. मला त्या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद वाटते ती ही, की आपल्या हद्दीत दुकान नको असे ठरवण्याचा अधिकार गावांना आणि शहरांना मिळाला, आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ससारख्या मोठ्या शहराने तो दहा वर्षांहून अधिक काळ वापरला. तरीही माल हद्द ओलांडतोच. तो आमच्याकडे येतो, अशी तक्रार घेऊन नेब्रास्का आणि ओक्लाहोमा ही शेजारी राज्ये २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. वर्ध्यात दारूबंदी आणि नागपुरात खुली विक्री, ही स्थिती वर्षानुवर्षे पाहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच आपल्याकडे हा विषय निघेल तेव्हा शाळेपासूनचे अंतर, दुकानांची संख्या आणि कराचा वाटा कोणाला, हे आधी ठरले पाहिजे.

प्रश्न : लहान मुलांना यापासून खरोखर धोका असतो का? (एक शिक्षिका, महाल)

असतो, आणि तो प्रामुख्याने खाण्याच्या पदार्थांतून येतो. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. पुढे गांजायुक्त गोळ्या-चॉकलेटे बाजारात आली, तेव्हा ती खाऊ समजून खाल्लेल्या लहानग्यांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण वाढले. असा पदार्थ खाल्ल्यावर परिणाम दिसायला तासभर किंवा अधिक वेळ लागतो, त्यामुळे मूल सुस्त का झाले हे घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. क्वेबेक प्रांताने अशा मिठायांच्या विक्रीला मनाई केली आणि वयाची अट २१ वर्षांवर नेली. माझ्या मते अनुकरण करायचे तर ते या प्रांताचे करावे.

प्रश्न : भांग चालते, मग गांजा का नाही? (एक विद्यार्थी, सक्करदरा)

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. भांगेवर राज्यांचे नियम लागू होतात आणि महाराष्ट्रात तिच्या विक्रीला परवाना लागतो.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून गांजा ओढतो. डॉक्टरांकडे नेले तर पोलीस केस होईल का? (एक आई, मानेवाडा)

उपचार मागणे हा गुन्हा नाही. उलट, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर याच कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपल्या मेडिकलच्या, मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. गांजा सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही. बहुतेकांचा हा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, तेव्हा या दिवसांतील त्याचे बोलणे मनाला लावून घेऊ नका. मात्र त्याला भास होत असतील किंवा कोणी आपल्या वाईटावर आहे असे तो सारखे म्हणत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. घराबाहेर पडण्याआधी बोलायचे असेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन विनामूल्य आहे.