दक्षिण अमेरिकेतील माकडे आणि पीतज्वर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ब्राझीलमधील सोनेरी सिंह-टॅमरिन या छोट्या माकडांना पीतज्वराची, म्हणजेच यलो फीवरची, लस दिली जाते, असा ओझरता उल्लेख मागे या सदरात आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (दोडामार्ग): आमच्या भागात जंगलात माकड मेलेले दिसले की माकडतापाची भीती पसरते. ब्राझीलमध्ये पीतज्वराच्या साथीत लोकांनी माकडेच मारली, असे वाचले. धोका असेल, तर त्यांचे काय चुकले?

चुकलेच, कारण पीतज्वर माकडाकडून माणसाला थेट होत नाही. हेमागोगस आणि सॅबेथीस हे जंगली डास उंच झाडांवर वावरतात आणि आजारी माकडाला चावलेला डास पुढे लाकडासाठी किंवा शेतीसाठी रानात गेलेल्या माणसाला चावतो. सन 2016 च्या अखेरीस मिनास जेराइस राज्यातून पसरलेल्या साथीत हाऊलर माकडांचे कळपच्या कळप संपले. ही माकडे पहाटे इतक्या मोठ्याने ओरडतात की मैलभरावर ऐकू येते. त्यामुळे रान अचानक गप्प झाले की साथ आल्याचे गावकऱ्यांना कळू शकते. मेलेल्या माकडाची खबर मिळाली, तर आरोग्य खाते यकृताचा नमुना तपासते आणि माणसांना लागण होण्याआधी त्या पट्ट्यात लसीकरण सुरू करू शकते. माकडे मारून टाकली, तर ही खबर देणारेच उरत नाहीत.

आफ्रिकेतील माकडांना या विषाणूची लागण झाली तरी ती सहसा गंभीर आजारी पडत नाहीत, कारण तो त्यांच्यासोबत फार पूर्वीपासून आहे. अमेरिकेत तो सतराव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून आला. तेथील माकडांना त्याची सवय होण्याइतका काळ लोटलेला नाही. आपल्या माकडतापात डासाऐवजी गोचीड असते आणि वानर किंवा लाल तोंडाचे माकड मेले की गोचिडी त्याच्या अंगावरून उतरून आसपास पसरतात. म्हणून तुमच्याकडे मेलेल्या माकडाजवळ जाणे खरोखर धोक्याचे आहे. लांबूनच आरोग्य केंद्राला कळवावे.

प्रश्न (पुणे): रानातल्या माकडाला लस देतात तरी कशी? आणि हा निसर्गात हस्तक्षेप नव्हे काय?

रिओ द जानेरो राज्यातील साओ जोआओ नदीच्या खोऱ्यात, अटलांटिक जंगलाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत सोनेरी सिंह-टॅमरिन राहतात. सन 1970 च्या सुमारास त्यांची संख्या जेमतेम दोनशेवर आल्याचा अंदाज होता. माकडांचे ब्राझिलियन अभ्यासक अदेलमार कोइंब्रा-फिल्यो यांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला, 1974 मध्ये पोसो दास आंतास हे राखीव क्षेत्र झाले आणि 1984 पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडे रानात सोडण्यास सुरुवात झाली. सन 2014 पर्यंत संख्या सुमारे 3,700 वर पोहोचली. मग साथ आली आणि 2018 च्या मोजणीत अंदाज 2,516 वर उतरला. चार दशकांच्या कमाईतला जवळपास तिसरा हिस्सा गेला.

लस माणसांचीच, म्हणजे विषाणूशास्त्रज्ञ मॅक्स थायलर यांनी 1937 मध्ये तयार केलेल्या 17डी विषाणूवंशाची ब्राझिलियन शाखा, पण पातळ करून दिलेली. आधी ती बंदिवासातील माकडांवर तपासली गेली आणि 2021 पासून रानात देण्यास सुरुवात झाली. केळी ठेवलेल्या पिंजऱ्यांत अख्खे कुटुंब पकडायचे, भूल द्यायची, वजन आणि रक्त घ्यायचे, लस टोचायची, ओळखीची खूण करायची आणि पकडले तेथेच परत सोडायचे. कुटुंब एकत्र राखणे येथे फार महत्त्वाचे असते, कारण टॅमरिनची मादी बहुधा जुळ्यांना जन्म देते आणि त्या पिलांना पाठीवर वाहण्याचे काम बाप आणि मोठी भावंडेही करतात. एखादा गडी कमी झाला तर पिलांचे हाल होतात.

हस्तक्षेपाचा आक्षेप मला पटत नाही. जंगलाचे तुकडे आपण केले, विषाणू आपण आणला. आता हात झटकणे याला निसर्गनिष्ठा म्हणता येणार नाही. मात्र नुसत्या लसीने भागत नाही, हेही खरे आहे. म्हणूनच बीआर-101 महामार्गावर झाडे लावलेला पूल बांधण्यात आला, जेणेकरून दोन्ही बाजूंची माकडे एकमेकांत मिसळतील. सन 2023 मध्ये अंदाज सुमारे 4,800 वर गेला.

प्रश्न (नाशिक, विद्यार्थिनी): एकाच कळपातील माकडांना रंग वेगवेगळे दिसतात, हे खरे आहे का?

खरे आहे. अमेरिकेतील बहुतेक माकडांत तांबड्या-हिरव्या रंगांचा फरक ओळखणाऱ्या जनुकाची एकच जागा एक्स गुणसूत्रावर असते, पण त्या जनुकाची रूपे अनेक असतात. नराकडे एकच एक्स असल्याने त्याला हा फरक दिसत नाही. मादीला दोन वेगळी रूपे मिळाली, तर तिला तो दिसतो. त्यामुळे पानांतले पिकलेले लाल फळ बहिणीच्या नजरेस पडते, भावाच्या नाही. मात्र कोस्टा रिकातील कापुचिन माकडांच्या अभ्यासात, फरक न दिसणारी माकडे पानांशी मिसळून गेलेले किडे पकडण्यात सरस ठरली. हाऊलर माकडांत हे जनुक दुहेरी झाल्याने नर-मादी दोघांनाही हा फरक दिसतो. कोणते जनुक कोणाकडे आहे, हे कळण्यासाठी माकड पकडावे लागत नाही. झाडाखाली पडलेली ताजी विष्ठा कुपीत भरून तिच्यातील डीएनए तपासला की पुरते. त्याच विष्ठेतून ताणाची आणि गर्भधारणेची संप्रेरकेही मोजता येतात.

प्रश्न (ठाणे): मुलाला मार्मोसेट पाळायचे आहे. घ्यावे का?

घेऊ नये. मार्मोसेट हे दक्षिण अमेरिकेतील छोटे माकड आहे. रानात हा प्राणी झाडाचा डिंक चाटून आणि किडे खाऊन जगतो, कुटुंबात राहतो आणि त्याला ड जीवनसत्त्वाचे डी3 हेच रूप भरपूर लागते. फळे-बिस्किटांवर आणि बंद खोलीत ठेवला, तर हाडे ठिसूळ होतात. कायद्याच्या दृष्टीनेही 2024 च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कोणाच्या घरी मार्मोसेट आधीच असेल, तर ओठावर तापाचे फोड आलेल्या व्यक्तीने त्याला हात लावू नये, कारण माणसाला किरकोळ वाटणारा तो नागिणीच्या कुळातला विषाणू मार्मोसेटला थोड्या दिवसांत मारू शकतो.