वाघाची लेन्स राहू द्या, आधी सोने सोडवा

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. वय ३२. लग्नसराई धरून महिन्याला सरासरी २५ हजार सुटतात. घरी आई-वडील, पत्नी, चार वर्षांची मुलगी; सहा एकर कोरडवाहू वावर. तीन वर्षांत शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक या फोटो विकणाऱ्या साइटवर १,४०० फोटो टाकले, त्यांचे वर्षाला २८ हजार येतात. आता नीट मार्केट रिसर्च करून या फोटोंतूनच महिन्याला ४० हजारांपर्यंत जायचे आहे. त्यासाठी ताडोबातले वाघ दुरून टिपायला दीड लाखाची टेलिफोटो लेन्स हप्त्यांवर आणि कीवर्ड, म्हणजे ग्राहक फोटो शोधताना टाकतात ते शब्द, सुचवणारे १२ हजारांचे सॉफ्टवेअर घ्यावे का? विक्रीचा तक्ता सोबत जोडला आहे. बचतीची काळजी नाही. बँकेतल्या साहेबांनी डिसेंबर २०२३ मध्ये वर्षाला एक लाखाची, दहा वर्षांची एफडी करून दिली. पंधरा वर्षांनी १६ लाख मिळतील. गेल्या वर्षीचा हप्ता आईचे सोने ११ टक्क्यांनी ठेवून भरला, यंदाचा कापसाच्या चुकाऱ्यातून भरेन.

उत्तर : लेन्सचे नंतर बघू. दहा वर्षे दरवर्षी लाख भरायला लावणारी एफडी कुठल्याच बँकेत नसते. तुमच्याकडे आहे ती आयुर्विम्याची पारंपरिक पॉलिसी. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, काढून पहिले पान वाचा. वर विमा कंपनीचे नाव असेल आणि बँक फक्त एजंट म्हणून कोपऱ्यात असेल.

दहा लाख भरून १६ लाख हे ऐकायला भरघोस वाटते. वर्षाचा दर काढला की तो साडेचार टक्क्यांवर येतो. पीपीएफ सध्या ७.१ टक्के देते. तुम्ही तर ११ टक्क्यांनी पैसे उचलून साडेचार टक्क्यांत घातलेत. म्हणजे लाखामागे वर्षाला साडेसहा हजारांचे नुकसान, वर आईचे दागिने गहाण. महिन्याला २५ हजार कमावणाऱ्या माणसाला वर्षाचा लाखाचा हप्ता विकणाऱ्याने तुमच्या पाच जणांच्या घराचा खर्च विचारलाच नसणार.

यंदाचा हप्ता भरू नका. चुकारा आला की आधी सोने सोडवा. हप्त्याच्या तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, त्या दिवसांत साहेबांचे फोन येतील. ठरलेले वाक्य असे असते : ‘आणखी दोन हप्ते भरा, मग निम्मे पैसे परत मिळतात.’ वाक्य खरे आहे, सल्ला खोटा. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ च्या आधीची, म्हणून तिला सरेंडरचे, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडण्याचे, जुने नियम. तिच्यात दोन हप्त्यांनंतर सरेंडरची किमान हमी भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ६० हजार. चार हप्त्यांनंतर ५० टक्के, म्हणजे दोन लाख. आज बाहेर पडलात तर ६० हजार आणि न भरलेले दोन लाख, असे दोन लाख ६० हजार तुमचे. साहेबांचे ऐकलेत तर दोन लाख. तुमच्या ६० हजारांच्या नुकसानासाठी कुणी एवढी गोड समजूत घालत असेल तर ती कमिशनची गोडी.

पण लगेच सरेंडरचा अर्ज टाकू नका. आधी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा : आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून ‘पेड-अप’ ठेवली तर २०३८ मध्ये किती. हे ईमेलने कंपनीला विचारा, बँकेच्या काउंटरवर नको. तिथे तोंडी आकडा मिळतो आणि तो नंतर कुणाला आठवत नाही. आज हाती येणारे ६० हजार पीपीएफच्या दराने तेरा वर्षांत दीड लाखाच्या जवळ जातात. पेड-अपचा आकडा अडीच-तीन लाख असेल तर बाँड तसाच कपाटात राहू द्या. दीड-पावणेदोन असेल तर पैसे काढा आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, कारण पत्रात अशा शिलकीचा कुठे उल्लेखच नाही.

तक्रारही करा, तिला पैसे लागत नाहीत. बाँडच्या मागे प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली असते. त्यातला व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्नाचा रकाना बघा. हप्ता बसावा म्हणून तिथे उत्पन्न फुगवून लिहिणे हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार. आकडा तुमचा नसेल तर तोच तुमचा पुरावा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. एक अडचण सांगून ठेवतो : पॉलिसी देण्यापूर्वी पडताळणीचा फोन येतो आणि ‘होय म्हणत जा’ असे आधीच शिकवलेले असते. तुम्ही ‘होय’ म्हटले असेल तर बाजू कमकुवत, पण संपलेली नाही.

आता तुमचा तक्ता. सॉफ्टवेअर जे सांगेल त्यातले कामाचे बरेचसे त्यात आधीच आहे, आणि फुकट. १,४०० पैकी ९०० फोटो ताडोबाचे : वाघ, गवे, पक्षी. त्यांचे वर्षाला पाच हजार. शेतीचे ५००, त्यांचे २३ हजार. फोटोमागे वाघ साडेपाच रुपये, कापूस ४६. वाघाच्या पाच हजारांतही अडीच हजार एकाच मोठ्या विक्रीचे आहेत. अशी एकटी विक्री बाजूला काढूनच सरासरी बघायची, म्हणजे वाघ तीन रुपयांवर येतो. वर्षभरातल्या वाघांनी सफारीच्या एका जिप्सीचे भाडे निघणे कठीण. दीड लाखाची लेन्स पाच वर्षांत वसूल करायची तर वर्षाला ३० हजार हवेत; साडेपाचच्या दरानेही वाघाचे साडेपाच हजार फोटो जास्त लागतील. व्याज वेगळे.

कारण उघड आहे. ताडोबाच्या गेटवर रोज मोठ्या लेन्सा रांगेत उभ्या असतात. बोंडअळीने डोमकळी झालेले, म्हणजे न उमलता मिटून राहिलेले पऱ्हाटीचे फूल, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) अडकलेले पतंग, पिवळा मोझॅक रोग पडलेले सोयाबीनचे पान यांचे नीट फोकस केलेले फोटो त्या मानाने फार थोडे, आणि ते बियाणे-औषध कंपन्यांना, कृषी मासिकांना, पाठ्यपुस्तकांना लागतात. एआयने बनवलेल्या चित्रांत गोंडस शेतकरी मिळतात, पण बोंडअळी ओळखू येईल अशी मिळेलच याचा भरवसा नसतो. असे जवळचे फोटो काढायला सध्याच्या लेन्सच्या मागे बसवायची दोन-चार हजारांची एक्स्टेन्शन ट्यूब पुरे.

विषय ठरवताना ग्राहकाच्या बाजूने साइटवर तेच शब्द टाकून एकूण किती फोटो निघतात ते बघा आणि पहिली दोन पाने डोळ्यांखालून घाला. लाखभर असतील तर तो विषय सोडा; थोडेच असतील आणि पहिल्या पानावर परदेशातला कापूस दिसत असेल तर तिथे जागा आहे. शटरस्टॉकवर विकल्या गेलेल्या फोटोला ग्राहकाने कोणते शब्द टाकून शोधले तेही दिसते, ते शब्द पुढच्या फोटोंना वापरा. अ‍ॅडोबीवर ४९ कीवर्ड चालतात, पण पहिल्या दहांना वजन जास्त. ‘नेचर’, ‘ब्यूटिफुल’ तिथे घालू नका. ‘पिंक बोलवर्म’ आणि त्याचे शास्त्रीय नाव ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ घाला. सहा महिन्यांहून नवा फोटो हिशोबात धरू नका. जानेवारीत शटरस्टॉकवरचा तुमचा वाटा पुन्हा १५ टक्क्यांपासून सुरू होतो, त्यामुळे त्या महिन्यातली घट म्हणजे मागणी पडली असे नाही. पोळ्याचे फोटो पोळा झाल्यावर टाकून उपयोग नाही, यंदाचे काढलेले पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये वर हवेत. आणि वेचणी करणाऱ्या बाईचा चेहरा ओळखू येत असेल तर वावरातच मॉडेल रिलीजवर, म्हणजे तिच्या संमतीच्या कागदावर, सही घ्या. सही नसेल तर अ‍ॅडोबी फोटो परत करते, शटरस्टॉकवर तो फक्त संपादकीय (बातमी-लेखाच्या) वापरापुरता राहतो आणि जाहिरातवाल्यांच्या कामातून जातो.

महिन्याला ४० हजार म्हणजे वर्षाला चार लाख ८० हजार. ४६ च्या दराने १० हजारांवर फोटो. रोज दहा स्वीकारले गेले तरी पावणेतीन वर्षे, आणि एकाच वावराचे फोटो एकमेकांचीच गिऱ्हाइके पळवणार, म्हणून तो दरही टिकणार नाही. पुढच्या वर्षी शेतीचे ५०० वाढवलेत आणि २८ चे ४५-५० हजार झाले तर ते चांगले काम समजा. तेवढ्यावर हप्त्याची लेन्स बसत नाही.

राहिला तुमचा जीव, ज्याचा विमा त्या पॉलिसीत जेमतेम दहा लाख असेल. ३२ व्या वर्षी, तंबाखू नसेल तर, ५० लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) वर्षाला सात-आठ हजारांच्या घरात मिळतो. अडचण अशी की कंपनी उत्पन्नाचा पुरावा म्हणून दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते आणि स्टुडिओचा धंदा रोखीचा असतो. यंदापासून विवरणपत्र भरा, फोटोंचे डॉलर त्यात दाखवा. तोवर बँकेत वर्षाला ४३६ आणि २० रुपयांच्या दोन सरकारी विमा योजना (जीवनज्योती आणि सुरक्षा) घ्या. साहेब त्या आपणहून सुचवणार नाहीत. दोन्ही फोटो साइटवर अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरलेला आहे का तेही बघा. तो असेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर १५ टक्के कर कापतात, नसेल तर ३०, आणि विवरणपत्र भरलेत तर तो कापलेला कर तिथे दाखवता येतो.